धारेसाठी दुसऱ्याच्या दारात कशाला?

(काष्टी, ता. श्रीगोंदा, येथील बैठकीत झालेले भाषण)



काष्टी म्हटलं की शनिवारचा जनावरांचा बाजार. इथं बसलेल्यांपैकी कित्येकांच्या दावणीचा बैल या बाजारातून आला असेल, नाहीतर अडचणीच्या साली या बाजारात गेला असेल. बैल घेताना आपण पहिलं काय करतो? शिंगांचा रंग बघत नाही, झुलीवर भुलत नाही. सरळ तोंड उघडतो आणि दात बघतो. अदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे. व्यापारी काहीही सांगू दे, दात खोटं बोलत नाहीत.

आता मी तुम्हाला विचारतो. ज्यांच्या घरी लाकूड कापायची मशीन आहे, म्हणजे चेनसॉ, त्यांनी हात वर करा. बरेच हात आहेत. आता यातल्या ज्यांनी गेल्या महिन्याभरात तिच्या चेनचे दात एकेक करून पाहिले असतील, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, दोनच हात राहिले. बैलाचे पुढचे आठ दात मोजून घेणारा शेतकरी हजारो रुपयांच्या मशीनचे छत्तीस दात बघत नाही. मग ती मशीन चालत नाही, पेट्रोल पिते, आणि एखाद्या दिवशी माणसाचा पाय मागते.

मी काही यंत्रांचा जाणकार नाही. माझं कोरडवाहू रान आहे. ज्वारी आणि कपाशी करतो. आज मी जे सांगणार आहे ते माझ्या नडगीवर लिहिलेलं आहे. धोतर वर करून दाखवलं तर तुम्हाला टाके मोजता येतील.

वेळ आपल्याकडे किती असतो?

आपल्याला ही मशीन लागते कधी? रब्बीची ज्वारी निघाली, कडबा वळईला लागला, की मग बांधाकडं लक्ष जातं. बांधावरची बाभूळ पिकावर झुकलेली असते. पडीक तुकड्यात, ओढ्याच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली असते. सरपण करायचं असतं, कुंपणाला मेढी लागतात. मृगाच्या आत रान मोकळं झालं नाही तर कपाशीची सरकी टोबायची कुठं? हे सगळं काम दोन-अडीच महिन्यांत बसवायचं. कुऱ्हाडीनं तोडायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. म्हणून आपण मशीन घेतली. घेतली ते बरोबरच केलं. यंत्राला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा वाळलेल्या बाभळीच्या बुंध्यावर दिवसभर कुऱ्हाड चालवून बघावी.

पण मशीन घेताना आपण एक गोष्ट विसरलो. कुऱ्हाडीची, विळ्याची, खुरप्याची धार आपल्या घरात होती. कुऱ्हाड शेवटून आणायला लोहाराकडं जायचो, ते वर्षातून एक-दोनदा. रोजची धार घरच्या दगडावर. आमची आई खुरपायला निघण्याआधी दगडावर पाणी टाकून खुरपं घासल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. बोथट खुरप्यानं खुरपणारी बाई दुपारीच थकते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिच्या मनगटानं शिकवलं होतं. मशीन आली आणि धार तालुक्याच्या दुकानात गेली. काम आपलं, झाड आपलं, मशीन आपली, आणि धार मात्र दुसऱ्याच्या दारात.

माझ्या नडगीची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वाऱ्यात आमच्या विहिरीवर बाभळीची मोठी फांदी आडवी झाली. मोटारीची वायर तिच्याखाली. घाई होती. आदल्या दिवशी कापताना चेन एकदा जमिनीला टेकली होती, हे मला ठाऊक होतं. पण म्हटलं, आता तालुक्याला कोण जाणार? अर्धा दिवस जाईल. रेटून कापू.

मशीन कापेना. एरवी खपलीसारखे बारीक तुकडे उडतात, तसे काही नाही. नुसतं पीठ पडत होतं. धूर निघत होता. मी दोन्ही हातांनी दाबत होतो, अंगाचा भार टाकत होतो. फांदी निम्म्याहून जास्त कापली गेली आणि एकदम कडकन मोडली. मी तर सगळा भार मशीनवर टाकलेला. खालचा आधार गेला, मशीन सरळ खाली आली आणि डाव्या नडगीला लागली. बोट लगेच बटणावरून निघालं म्हणून पाय राहिला. अर्धा दिवस वाचवायला गेलो आणि तीन आठवडे खाटेवर पडलो. विहीर तशीच, वायर तशीच.

भावांनो, आपल्याकडं एक समज आहे की धारदार हत्यार धोक्याचं आणि बोथट हत्यार बिनधोक. हे उलटं आहे. धारदार चेन स्वतः लाकडात उतरते. माणसानं फक्त तिला धरायचं आणि दिशा द्यायची. बोथट चेनला माणूस रेटतो, आणि रेटणाऱ्या माणसाचा तोल त्याच्या हातात राहत नाही. मशीन दाबावी लागली की समजा, थांबायची वेळ झाली.

बरं होऊन उठल्यावर मी चेन एका दुकानात धारेला दिली. त्यांनी विजेच्या चाकावर लावली, पाच-दहा मिनिटांत परत दिली. चकचकीत दिसत होती. घरी येऊन उन्हात बघितलं तर दातांची टोकं निळी पडलेली. जुन्या लोहाराला विचारा, तो सांगेल, निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी गेलं. चाक जोरात दाबलं, दात तापला, पाणी उतरलं. ती धार एक बुंधासुद्धा टिकली नाही. शिवाय चाकानं प्रत्येक दाताचा एवढा तुकडा खाल्ला, की महिनाभर कानशीनं खाल्ला नसता. चाकावर नीट धार लावणारे कारागीरही आहेत, नाही असं नाही. पण दात माझे, ते किती खायचे हे दुसऱ्यानं ठरवलं.

त्या दिवशी ठरवलं, शिकायचं. मशीनबरोबर आलेली पुस्तिका इंग्रजीत होती, ती माळ्यावर पडली होती. लेकीनं ती वाचून दाखवली, चित्रं समजावली. मग आम्ही दोघांनी ओट्यावर बसून एकेक दात केला. पहिल्या दिवशी दोन तास लागले. आता पंधरा-वीस मिनिटांत होतं. आणि खरं सांगतो, माझ्यापेक्षा लेकीच्या हाताला कानस चांगली बसते. यात ताकदीचं काम नाही, सारख्या हाताचं काम आहे. म्हणून मायबहिणींनी हे पुरुषांचं काम म्हणून ऐकू नये.

हा दात आला कुठून?

शिकायच्या आधी चेनचा दात कसा कापतो ते समजून घेऊ. याची एक गोष्ट आहे. पूर्वीच्या मशीनच्या चेनला हातकरवतीसारखे ओरबाडणारे दात असत. त्यांना सारखी धार लावावी लागे. अमेरिकेत ऑरेगन नावाचं राज्य आहे, तिथं ज्यो कॉक्स नावाचा माणूस जंगलात लाकूड तोडायचं काम करी. १९४६ साली त्याला एका लाकडात भुंगेऱ्याची बोटाएवढी अळी दिसली. ती लाकूड पोखरत होती, आणि रेषेच्या उभं असो की आडवं, तिला काही फरक पडत नव्हता. त्यानं निरखून पाहिलं. अळीचे जबडे एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं असे चालत होते. त्यानं तशीच चेन बनवली. एक दात डावा, एक दात उजवा. १९४७ मध्ये त्यानं ती विकायला काढली. आज आपल्या मशीनवर जी चेन आहे ती त्याच जातीची.

आपण सगळ्यांनी आंब्याच्या, नाहीतर लिंबाच्या खोडातून भुसा पडताना बघितला आहे. आपण त्या अळीला शिव्या दिल्या आणि औषध सोडलं. तेही करायलाच पाहिजे. पण कामावरच्या एका माणसानं तिच्याकडं नीट बघितलं आणि त्यातून जगभर चालणारं अवजार निघालं. तेव्हा, शिकलेला माणूसच यंत्र समजू शकतो असं कुणी सांगितलं तर त्याला ही अळीची गोष्ट सांगा.

आता दात बघा. प्रत्येक दाताचे दोन भाग आहेत. मागचा भाग म्हणजे कापणारं पातं. पुढं एक लहान उंचवटा आहे. पुष्कळांना वाटतं तोही दातच. तो दात नाही. तो खोली ठरवतो. सुताराचा रंधा आठवा. पातं जेवढं बाहेर काढाल तेवढी जाड साल निघते. इथं पातं आणि त्याच्या पुढचा उंचवटा यांच्या उंचीत जेवढा फरक, तेवढा तुकडा लाकडातून निघतो. आपल्या नेहमीच्या चेनमध्ये हा फरक ०.६५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. तिफणीचा फण किती खोल जावा हे जसं तुम्ही ठरवता, तसं इथं हा उंचवटा ठरवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिच्यावरच जीव अवलंबून आहे.

कानस कोणती घ्यावी?

गोल कानस लागते, आणि ती चेनच्या मापाची लागते. सायकलच्या दुकानातली कुठलीही गोल कानस चालत नाही. जाड असली तर दाताचा घाट बिघडतो, बारीक असली तर दातात खड्डा पडतो.

चेनचं माप कसं काढायचं? बहुधा ते बारवर, म्हणजे चेन ज्या पट्टीवर फिरते तिच्यावर, कोरलेलं असतं. नसेल तर चेनवरचे लागोपाठचे तीन रिव्हेट घ्या. पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि दोननं भागा. त्याला पिच म्हणतात. तीन रिव्हेटांमध्ये साडेसोळा मिलिमीटर आले तर ती ०.३२५ इंच पिचची चेन. आपल्याकडं ५८ सीसी म्हणून ज्या मशीन विकल्या जातात, त्यांच्यावर बहुतेक हीच असते. तिला ४.८ मिलिमीटरची कानस. लहान, हलक्या मशीनवर ३/८ इंचाची बुटकी चेन असते, तिला ४ मिलिमीटरची. मोठ्या मशीनवरच्या पूर्ण ३/८ च्या चेनला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची, ते चेनच्या पाकिटावर दिलेलं असतं. पाकीट फेकू नका. खताच्या पिशवीवरचं वाचता, तसं तेही वाचा.

गोल कानशीबरोबर एक चपटी कानस आणि उंचवटा मोजायची छोटी पट्टी घ्या. एवढंच सामान. ते कपड्यात गुंडाळून ठेवा, दुसऱ्या लोखंडावर आपटू देऊ नका. कानशीला तेल लावू नका. तेलकट कानस घसरते, धरत नाही.

धार लावायची रीत

पहिली गोष्ट, मशीन बंद. नुसती बंद नाही, प्लगची टोपीसुद्धा काढून ठेवा. हातात जाड हातमोजे घाला. बंद मशीनची चेनही बोट कापते.

चेन आधी ब्रशनं साफ करा. जुना दात घासायचा ब्रश चालतो, दातांचंच काम आहे. भुसा आणि तेलाचा चिखल निघाला की दात दिसतात. चेन ताणून घ्या, म्हणजे दात हलणार नाही. वाईस असेल तर बार त्यात धरा. नसेल तर मशीन ओट्यावर ठेवून घरातल्या दुसऱ्या माणसानं घट्ट धरावी.

मग सगळे दात फिरवून बघा आणि सगळ्यात आखूड दात शोधा. त्याच्यावर खडूची खूण करा. तिथून सुरुवात. कारण बाकीचे सगळे दात त्याच्या मापाला आणायचे आहेत. एक दात लांब आणि एक आखूड असले तर लांबच दात काम करतात आणि आखूड नुसते फिरतात. माझ्या चेनला छत्तीस दात आहेत, अठरा डावे, अठरा उजवे. सगळ्यांनी काम करावं ही अपेक्षा आहे. सहा बैलांच्या नांगराला चार बैल ओढतात आणि दोन नुसते चालतात, असं आपण चालू देतो का?

दाताच्या माथ्यावर एक तिरकी रेघ कोरलेली असते. बहुतेक चेनला ती ३० अंशांची असते. कानस त्या रेघेला समांतर धरा. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या माथ्याच्या वर राहिला पाहिजे. फार खाली गेली तर दात आकड्यासारखा होतो, धार लागते पण लगेच तुटते. फार वर राहिली तर दात कापतच नाही, लाकडावरून घसरतो.

आता कानस दाताच्या आतून बाहेरच्या बाजूला ढकला. कानस पुढं जातानाच कापते. मागं आणताना उचलून आणा. पुढं-मागं घासत बसलात तर धार लागत नाही आणि कानस मरते. दर वेळी सारखा दाब, सारखे फेरे. नेहमी लावत असाल तर तीन ते पाच फेरे पुरतात. काढलेल्या कडेवर उजेड धरून बघा. धारेवर पांढरी चमकणारी रेघ दिसत असेल तर तिथं अजून बोथट आहे. खरी धार उजेडात दिसत नाही.

एका बाजूचे सगळे दात आधी करा. एक सोडून एक. चेन पुढं ओढायची असेल तेव्हा ब्रेक सोडा, कानस लावताना ब्रेक लावा. अठरा झाले की मशीन फिरवून दुसरी बाजू घ्या. इथं एक गोम आहे. उजव्या हाताच्या माणसाचा एका बाजूला जोर जास्त पडतो आणि दुसऱ्या बाजूला कमी. नकळत एका बाजूचे दात आखूड होतात. मग मशीन सरळ कापत नाही, बुंध्यात वाकडी शिरते आणि अडकते. तुमची मशीन एका अंगाला ओढत असेल तर दुसरीकडं दोष शोधू नका, दोन्ही बाजूंचे दात मोजा.

उंचवट्याशी खेळू नका

दात घासत घासत तो आखूड होतो, तसा थोडा बुटकाही होतो. पुढचा उंचवटा मात्र आहे तेवढाच राहतो. मग धार असूनही मशीन कापत नाही, कारण पातं लाकडाला पोचतच नाही. म्हणून तीन ते पाच वेळा धार लावली की एकदा ती छोटी पट्टी चेनवर ठेवायची. उंचवटा पट्टीच्या वर डोकावत असेल तर तेवढाच चपट्या कानशीनं काढायचा, आणि त्याची पुढची कड पुन्हा गोल करायची. बस्स.

इथं मी दुसरी चूक केली, ती सांगतो. मला वाटलं, उंचवटा जरा जास्त काढला तर मशीन जास्त खाईल, काम लवकर होईल. पट्टी न लावता डोळ्याच्या अंदाजानं घासला. मशीन सुरू केली तर ती लाकडात घुसली, गचके देऊ लागली. बारचं टोक पलीकडच्या फांदीला लागलं आणि मशीन उसळून माझ्या तोंडाकडं आली. पुढचा ब्रेक बसला म्हणून आज तुमच्यापुढं बोलतोय. बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही टेकला की मशीन उलटी फेकली जाते, हे चांगल्या चेनच्या बाबतीतही खरं आहे. उंचवटे जास्त काढले की हा धोका कितीतरी वाढतो. जोरात चाललेली चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळते. माणसाला मागं सरायला तेवढा वेळ मिळत नाही.

तेव्हा उंचवट्याला अंदाज चालत नाही, पट्टीच पाहिजे. जास्त काढला गेला तर परत लावता येत नाही. मी ती चेन फेकून दिली. दात चांगले होते, तरी फेकली. ते पैसे शिकवणीचे.

चेन एकटी नसते

धार लावली आणि बाकी काही बघितलं नाही, तर धार वाया जाते. चार गोष्टी सांगतो.

एक, ताण. हातमोजा घालून चेन ओढली तर ती सहज फिरली पाहिजे, पण बारच्या खाली लोंबता कामा नये. ताण देताना बारचं टोक वर उचलून धरा, मगच नट आवळा. आणि दिवसाचं काम संपलं की चेन थोडी सैल करून ठेवा. गरम चेन लांबते, गार होताना आखडते. तशीच आवळलेली ठेवली तर बारवर आणि मशीनच्या आतल्या दांड्यावर ताण येतो.

दोन, तेल. चेनला तेल पोचतंय का हे बघायची सोपी युक्ती आहे. बारचं टोक पांढऱ्या कागदासमोर वीतभर अंतरावर धरून मशीन फिरवा. कागदावर तेलाची रेघ उठली पाहिजे. नाही उठली तर बारचं तेलाचं भोक भुशानं बुजलं असेल, काडीनं साफ करा. आपल्याकडं ट्रॅक्टरचं जळकं ऑइल टाकायची सवय आहे. ते टाकू नका. त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो, तो पंप आणि बार दोन्ही खातो. आणि ते उडतं कुणाच्या अंगावर? आपल्याच. जळकं ऑइल कातडीला घातक असतं.

तीन, बार. धार लावताना दर वेळी बार उलटा करून बसवा, म्हणजे एकाच कडेची झीज होत नाही. खाचेतला भुसा पातळ पत्र्यानं काढून टाका. आतलं चाक, ज्यावर चेन फिरते ते, झिजून खाचा पडल्या असतील तर नव्या चेनच्या आधी ते बदला. नाहीतर नवी चेन जुन्या चाकावर लवकर खराब होते.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, चेनला माती दाखवू नका. जमिनीला एकदा टेकली की क्षणात धार जाते. बुंधा कापताना त्याच्याखाली आडवं लाकूड घाला. ओढ्यातल्या झाडाच्या सालीत पुराची वाळू बसलेली असते, ती कुऱ्हाडीनं आधी सोलून काढा. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार गेलेली असते, खिळे असतात. आपण स्वतःच ठोकलेले असतात आणि विसरलेले असतात. झाडाला हात लावण्याआधी बापाला, चुलत्याला विचारा, इथं तार होती का.

धार कधी लावायची? लोक म्हणतात, बोथट झाली की. मी म्हणतो, बोथट व्हायच्या आधी. पेट्रोलची टाकी एक-दोनदा संपली की भरताना थांबा आणि दात बघा. दोन-तीन फेऱ्यांत काम होतं. खपल्या पडायच्या थांबल्या आणि पीठ पडू लागलं, तर त्याच मिनिटाला मशीन बंद. दाताची मागची लांबी ४ मिलिमीटरपर्यंत आली की ती चेन संपली. एखादा दात तडकला असेल तर आजच संपली. कंजूषपणा करू नका.

आणि काम करताना धोतराचा सोगा, गळ्यातला गमछा, साडीचा पदर, काहीही मशीनजवळ लोंबू देऊ नका. डोळ्याला चष्मा, पायात जाड बूट, डोक्याला टोपडं. खांद्याच्या वर मशीन धरून कापायचं नाही, शिडीवर उभं राहून कापायचं नाही, आणि रानात एकट्यानं कापायचं नाही. मी ज्या दिवशी पडलो, त्या दिवशी थोरला भाऊ बांधावर होता. नसता तर?

हिशेब मांडा

आपण शेतमालाचा खर्च मांडायला शिकलो. तसा या धारेचा खर्च मांडा. आकडे मी देत नाही, तुमचे तुम्ही घाला. तालुक्याला जाण्यायेण्याचं पेट्रोल. गेलेला अर्धा दिवस, म्हणजे तुमची मजुरी आणि तुमच्या वाटेकडं बघत बसलेल्या गड्याची मजुरी. दुकानातली धारेची मजुरी. चाकानं खाल्लेले दात, म्हणजे वर्षाला एक-दोन चेन जास्त. बोथट चेनवर जास्त जळालेलं पेट्रोल. आणि जायचा कंटाळा म्हणून बोथट चेनवर रेटलेलं काम. शेवटचा आकडा दवाखान्याचा असतो, तो कुणी वहीत लिहीत नाही. दुसऱ्या बाजूला काय? एक गोल कानस, एक चपटी कानस, एक पट्टी आणि रोजची पंधरा मिनिटं. दोन्ही बाजू मांडा आणि बघा.

शेवटी एक सांगतो. धार लागली म्हणून झाड शोधत फिरू नका. वेडी बाभूळ काढा, वाळलेलं काढा, पिकावर आलेली फांदी काढा. पण दुपारी भाकरी खायला सावली लागते, बैलालाही लागते. आंबा, चिंच, जांभूळ, साग अशा झाडांना १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ती काढल्याशिवाय हात लावू नका. परवान्याच्या भानगडीत आपला दिवस जातो हे मलाही माहीत आहे. पण दंडात त्याहून जास्त जातं.

माझी विनंती एवढीच. प्रत्येक गावातून दोघांनी, एक बाप्या आणि एक बाई, हे काम हातानं करून शिकावं. आज जेवणानंतर मी देवळाच्या ओट्यावर माझी मशीन आणि कानशी घेऊन बसणार आहे. ज्यांनी मशीन बरोबर आणली आहे त्यांनी चेन साफ करून यावं. मी तुमची धार लावून देणार नाही. कानस तुमच्याच हातात देणार आहे. पहिले चार दात चुकतील, पाचवा बरोबर येईल. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या चेनचे दात मोजून यावेत, आणि त्यातले किती निळे, किती आखूड, किती तडकलेले, हे इथं सगळ्यांसमोर सांगावं.

उन्हं कलायच्या आत बसू या. उजेड असला म्हणजे धार नीट दिसते.